मेंढपाण्याचं ठाणं

रात्रभर त्रामोंताना सुटला होता. हा उत्तरेचा वारा एकदा डोंगरावरनं उतरला की मारेम्माच्या मुलखातली घरं कण्हायला लागतात. कवाडं वाजतात, कौलं सरकतात, कुत्री शेपटात नाक खुपसून पडून राहतात. फोस्को उठला तेव्हा उजाडायला अजून वेळ होता. अंगणातल्या पिंपावर बर्फाची साय धरली होती. ती त्यानं दांडक्यानं फोडली, कोंबड्यांना पाणी ठेवलं, सशांच्या खुराड्यात गवत टाकलं, आणि बधिर झालेल्या बोटांवर फुंकर मारत तो आत आला.

शिकारीच्या सकाळी तो तोंडाला साबण लावत नसे. दाढीसुद्धा आदल्या दुपारीच उरकलेली. रानडुकराला दिसतं बेताचं, पण नाक असं की काल रात्री तुम्ही काय जेवलात ते पलीकडच्या टेकाडावरनं सांगेल. चुलीजवळच्या खुर्चीवर कपडे रात्रीच मांडून ठेवलेले असत, आणि अंगावर ज्या क्रमानं चढायचे त्याच क्रमानं. सगळ्यात आधी लोकरीची बंडी. योलेनं घरच्या मेंढ्यांच्या लोकरीची विणलेली, आणि इतकी जुनी की आता ती टोचायचंही विसरली होती. तिच्यावर फ्लॅनेलचा सदरा. मग कॉर्डरॉयची विजार, आणि काटेरी झुडपांसाठी मांड्यांवर बांधायचं चामडं. पायात आधी पातळ सुती मोजे, वर जाड लोकरीचे. बुटांना डुकराचीच चरबी चोळून ठेवलेली. आणि त्यावर तपकिरी लोकरीचा कोट, कोपरांना ठिगळं लावलेला. ह्यातलं काहीही हलताना आवाज करत नसे. थंडी काय, अंगावर दोन गोधड्या घेतल्या तर कुणीही अडवील. थंडी अडवायची आणि चाहूल लागू द्यायची नाही, खरी मेख तिथं होती.

पिशवीतलंही ठरलेलं. बुचाच्या झाडाची हातभर साल, पायाखाली घ्यायला. गोठलेल्या जमिनीवर दुपारपर्यंत उभं राहायचं तर गारठा तळव्यातनं वर चढतो, ही साल त्याला खालीच थोपवते. पाव, खारवलेल्या चरबीचा काप, सुरी, मारलेलं डुक्कर ओढायला दोर. वाइन नाही. वाइन हाका संपल्यावर, सगळ्यांबरोबर. आणि कोटाच्या दोन्ही खिशांत राखेतनं नुकतेच काढलेले मूठ मूठ चेस्टनट. गरम आहेत तोवर हात शेकायचे, गार झाले की खाऊन टाकायचे.

आज मात्र खुर्चीवर एक गोष्ट नव्हती.

"योले, माजी नारिंगी बंडी कुटं हाय?"

योले चुलीकडं तोंड करून कॉफी करत होती. तिनं मान वळवली नाही. "पोरीला विचार."

पोरगी जिन्यावरच उभी होती, अंगाभोवती पांघरूण लपेटून. साबीना मिलानोला असायची. तीन ख्रिसमस ती आली नव्हती, कारण तीन वर्षांपूर्वी ह्याच स्वयंपाकघरात बापलेकीचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. यंदा आली होती, आणि सणाचे सगळे दिवस राहणार होती.

"ती चिंधी? ती मी फेकून दिली, बाब्बो," ती म्हणाली. "रक्ताचे डाग, मेलेल्या बकऱ्यासारखा वास. आणि मी तुला काय आणलंय मग? कपाटात ठेवायला आणलंय का?"

तिनं आणलेलं जाकीट दाराच्या खुंटीला लटकत होतं. खांद्यापासून मांडीपर्यंत नारिंगी, मध्येमध्ये काळं, आत कसलंसं चंदेरी अस्तर, चेनचे सात-आठ खिसे. आणल्या दिवशीच फोस्कोनं त्याची बाही दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिली होती. कणसाच्या वाळक्या पाल्यासारखी वाजली होती ती.

"दुकानदार म्हणाला, बर्फात झोपलात तरी कळणार नाही."

"दुकानदार जातो का डुकरावर?"

"बाब्बो."

योलेनं कॉफीचा पेला त्याच्यापुढं ठेवला आणि वाकून, पोरीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलली. "घाल की. न्हाई घातलंस तर संध्याकाळी बॅग भरंल ती. माज्यावानी न्हाई ती. तुज्यावानी हाय."

टोळीच्या नियमानं नारिंगीशिवाय रानात पाऊल टाकता येत नव्हतं, आणि दुसरं नारिंगी घरात नव्हतं. फोस्कोनं तपकिरी कोटावर ते जाकीट चढवलं. साबीनानं पुढं होऊन गळ्यापर्यंत चेन ओढली, लहान पोराची ओढावी तशी, आणि त्याच्या गालाचा मुका घेतला. तो अंगणात आला. दर पावलाला जाकीट बोलत होतं.

दुसरा कुठला दिवस असता तर त्यानं हसून सोडून दिलं असतं. पण आज मेंढपाण्यावर डुक्कर पडायलाच हवं होतं.

मेंढपाणी म्हणजे ओढ्याकाठचा एक उतार. पूर्वी तिथं मेंढरं पाण्याला यायची. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काटेरी झुडपांची गच्च भिंत, आणि मधून माणूस आडवा झोपेल एवढी वाट. हाकेकऱ्यांनी आणि कुत्र्यांनी रान उठवलं की डुकरं ह्या वाटेनं पलीकडच्या खोऱ्यात निसटायला बघतात. अख्ख्या रानात असं दुसरं ठाणं नाही. तिथं फोस्कोचा बाप उभा राहायचा, बापानंतर फोस्को उभा राहिला. गावात त्याच्या नावावर चार बिघे जैतुनाची झाडं होती, एक घर होतं, देवळात बाकावर बसायची जागा होती. पण कुणी विचारलं असतं की फोस्को, तुझं काय आहे रे ह्या जगात, तर त्यानं मेंढपाणी सांगितलं असतं.

आणि गेल्या तीन हाक्यांत मेंढपाण्यावरनं डुकरं बिनघोर निघून गेली होती. एकदा तर पिल्लांसकट कळप. फोस्कोला हल्ली कमी ऐकू यायचं; कुत्री ऐकू आली तेव्हा कळप ओढ्यापार झाला होता. टोळीचा म्होरक्या लोरियानो तेव्हा सगळ्यांसमोर काही बोलला नाही. रविवारी देवळाबाहेर त्यानं फोस्कोला बाजूला घेतलं. "पुढच्या हाक्याला काय पडलं तर ठीक हाय," तो म्हणाला, "न्हायतर ठाणं बदलावं लागंल. माजा न्हाइलाज हाय. लोकं बोलत्यात." लोकं म्हणजे लोरियानोचा मेहुणा डेनिस, हे फोस्कोला ठाऊक होतं. पण लोकं खोटं बोलत नव्हती, हेही ठाऊक होतं.

टोळीच्या खोपटापुढं शेकोटी पेटली होती. गाड्यांतनं कुत्री केकाटत होती. फोस्को दिसला तशी मंडळी सरकली, जागा दिली, आणि लगेच सुरू झाली.

"आरं, ह्यो कोन? रस्त्याचं काम निघालंय काय?"

"फोस्को, लायटी कुटं लावायच्या तुला?"

"पोरीनं आणलंय," फोस्को म्हणाला. "तुला पोरगी असती तर तुलाबी आणलं असतं. तुला हाय त्यो पोरगा. त्यो तुजंच नेतो इकायला."

हसणं झालं. सगळ्यांत मोठ्यानं वास्को हसला. मेंढपाण्याच्या वरच्या अंगाचं, पुढचंच ठाणं वास्कोचं. दोघं एका शाळेत नापास झालेले, एका वर्षी लष्करात गेलेले. त्यानं जाकिटाची बाही चिमटीत धरली, आवाज ऐकला, आणि त्याचं हसू जरा कमी झालं.

"हे घालून उबा ऱ्हाणार हाईस?"

"मंग काय नागडा ऱ्हाऊ?"

लोरियानोनं ठाणी वाटली. डेनिसला रस्त्याकडचं, जिथं डुक्कर कधीच येत नाही. मेंढपाणी फोस्को. ते नाव घेताना लोरियानोनं कागदातनं मान वर केली नाही. मग दर वेळेसारखं त्यानं बजावलं. शिंग वाजल्याशिवाय ठाणं सोडायचं नाही. दिसल्याशिवाय, नुसत्या हालचालीवर गोळी घालायची नाही. नारिंगी अंगावरनं काढायचं नाही. काढलं त्याला पुन्हा ठाणं नाही.

हे शेवटचं बजावणं फोस्कोचं होतं. टोळीत सगळ्यांना ते माहीत होतं, आणि ते म्हटलं जाताना कुणी त्याच्याकडं बघत नसे. त्याचा धाकटा भाऊ नेवियो अशाच एका हाक्यात गेला. तेव्हा नारिंगी-बिरंगी कुणी घालत नसे, सगळे तपकिरी. नेवियोला पायाशी अळंबी दिसली, तो वाकला, आणि शेजारच्या ठाण्यावरच्या माणसाला झुडपात एक तपकिरी पाठ हललेली दिसली. ज्याची गोळी होती त्यानं बंदूक विकली, गाव सोडलं, समुद्राकडं बहिणीकडं जाऊन राहिला आणि तिथंच मेला. फोस्कोनं भावाला पाठीवर घेऊन खोपटापर्यंत आणलं होतं, आणि अंगावरचा सदरा न बदलता टोळीपुढं उभं राहून हा नियम मागितला होता. लोकांनी खूप खळखळ केली. डुकरं बिचकतील म्हणाले, आम्ही काय भोपळे आहोत काय म्हणाले. फोस्को हटला नाही. पुढं आल्देरिगो नावाच्या म्हाताऱ्यानं एकदा उकडतंय म्हणून बंडी काढली, तेव्हा त्याचं ठाणं काढून घेतलंच पाहिजे म्हणून अडून बसला होता तो फोस्कोच. आल्देरिगो खोपटात सगळ्यांदेखत रडला होता. फोस्को तेव्हाही हटला नाही.

मेंढपाण्यावर पोचल्यावर त्यानं बुचाची साल खडकाच्या आडोशाला ठेवली, तिच्यावर दोन्ही पाय घेतले, दुनळीत गोळ्या घातल्या आणि तोंड वाऱ्याकडं केलं. वारा हवा तसाच होता, रानाकडनं त्याच्या तोंडावर येणारा. वास जायची भीती नाही. खाली ओढ्याच्या कडेला पाणी काचेसारखं गोठलं होतं. तो हात खिशात घालायला गेला तर कोटाचे खिसे जाकिटाखाली. चेन उघडावी लागली. ती कर्रकन वाजली. चेस्टनट गरम होते, पण हात घालावा तर आवाज, काढावा तर आवाज. तो हात तसेच बाहेर ठेवून उभा राहिला.

हाका सुरू झाला. दूर वरच्या अंगाला हाकेकऱ्यांच्या आरोळ्या, मग कुत्र्यांचं भुंकणं, आधी तुटक, मग एका सुरात. म्हणजे डुकरं उठली. गळ्यातला वॉकीटॉकी खरखरला.

"मेंढपाण्याकडं वळली सगळी. फोस्को, तुज्याकडं येतायत."

त्याला ऐकू येत होतं. आज नीट ऐकू येत होतं. झुडपांत फांद्या मोडल्याचा आवाज, दगड घरंगळल्याचा. मग एकदम शांत. त्यानं श्वास धरला. झुडपांच्या तोंडाशी एक काळं नाक आलं, त्यामागं डोकं. म्हातारी मादी. मागं तिचा कळप असणार. ती थांबली, कान उभे केले. तिला फक्त चार पावलं पुढं यायचं होतं. फोस्कोनं दुनळी खांद्याला लावायला हात उचलला.

बाही वाजली.

मादीनं वर बघितलंही नाही. ती जागच्या जागी वळली, आणि तिच्यामागं अख्खं झुडूप वळलं. फांद्या मोडत गेल्या, लांब लांब, वरच्या अंगाला. तो गोळी घालू शकला नाही. बंदूक खांद्याला, समोर रिकामी वाट.

"काय झालं?" वॉकीटॉकीत लोरियानोचा आवाज. "फोस्को? कळप माघारी आला. गोळी न्हाई ऐकली मी."

फोस्कोनं बटण दाबलं नाही.

"झोपला आसंल," दुसरा आवाज म्हणाला. डेनिसचा. मग कुणीतरी हसलं, आणि लोरियानो म्हणाला, "गप ऱ्हावा सगळे."

कुत्री अजून रानात होती, हाका संपला नव्हता. अजून एखादं चुकार जनावर येऊ शकतं. फोस्कोनं जाकिटाची चेन खाली ओढली. एकदाच वाजली ती. बाह्यांतनं हात बाहेर काढले. वाऱ्यानं कोटातनं आत तोंड घातलं. जाकीट कुठं ठेवावं म्हणून त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मागच्या जुनिपरच्या झुडपावर ते पसरून टाकलं, चांगलं रुंद, बाह्या दोन्हीकडं. वरच्या अंगाला वास्को आहे. वास्कोला दिसेल की इथं नारिंगी आहे. नारिंगी काढलं कुठं, इथंच तर आहे, हातभर मागं. असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि ते त्याला पटलंही. मेंढपाण्यावर आपण उभे आहोत हे कुणाला ठाऊक नाही?

थंडी हाडापर्यंत गेली. त्यानं दात एकमेकांवर दाबून धरले, वाजू नयेत म्हणून. आता त्याच्या अंगावर लोकरीशिवाय काही नव्हतं आणि तो हलला तरी न हलल्यासारखा होता, जसा गेली सगळी वर्षं होता.

नर आला तो एकटा, आवाज न करता. मोठा, मानेवर केस उभे, एका कुशीला चिखल वाळलेला. तो वाटेवर आला आणि ओढ्याकडं वळला. फोस्कोनं दुनळी उचलली, नराच्या खांद्यापाशी गोळी घातली. डुक्कर पुढच्या पायांवर बसलं, मग आडवं झालं. मागचे पाय थोडा वेळ चालत राहिले.

फोस्को ठाणं सोडून गेला नाही. फक्त वाकला, बुडाच्या फांद्यांखालनं बघायला, की उठत तर नाही. नाही उठत. तो तसाच वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. तोंडात पाणी येत होतं, डोळ्यांतही, पण डोळ्यांतलं वाऱ्यानं.

"पडलं," त्यानं वॉकीटॉकीत सांगितलं. "नर हाय. मोठा."

"बेस," लोरियानो म्हणाला. त्याच्या आवाजात खरा आनंद होता, हे फोस्कोला पुढं पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

शिंग वाजलं. तो जाकिटाकडं वळणार तोच वास्को उतारावरनं खाली आला, जवळजवळ घसरतच. बंदूक त्यानं मधोमध उघडून, गोळ्या काढून हातावर टाकली होती.

"जाकीट कुटंय तुजं?"

"हे काय. वाजत हुतं म्हनून..."

"मला तुजी पाठ दिसली," वास्को म्हणाला. "वाकलेली. तुजी गोळी झाली, मला वाटलं दुसरं पळतंय. मी उचलली हुती, फोस्को. खांद्याला लावली हुती."

"मंग सोडली का न्हाईस? सुटलो असतो."

"चेष्टा करू नगंस," वास्को म्हणाला, आणि खडकावर बसला. "आज चेष्टा करू नगंस माजी."

मागनं लोरियानो आणि दोघं दोर घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लोरियानोनं आधी डुकराकडं बघितलं, मग फोस्कोच्या तपकिरी कोटाकडं, मग जुनिपरकडं. झुडपावर जाकीट वाऱ्यानं हात हलवत होतं.

"ते तिथं हुतंच की," फोस्को म्हणाला. "नारिंगी हितंच हुतं."

"झुडूप नारिंगी हुतं, फोस्को. तू न्हवतास."

फोस्कोनं जाकीट अंगात घातलं, डुकराच्या मागच्या पायांना दोर बांधला, आणि सगळ्यांनी मिळून ओढून काढलं.

खोपटात सगळ्या ठाण्यांवरची डुकरं टांगली, फाडली, धुतली. लांब लाकडी फळीवर मांसाचे वाटे पडू लागले, माणसागणिक एक. चुलीवर पोलेन्ता, मक्याच्या पिठाचा, रटरटत होता. एरवी ह्या वेळेला खोपटात कान किटतात. आज सुऱ्यांचा आवाज ऐकू येत होता. लोरियानोनं हात पुसले आणि फळीच्या टोकाशी उभा राहिला. तो चाळिशीचा गडी, फोस्कोच्याच हाताखाली बंदूक धरायला शिकलेला.

"सगळ्यांनी ऐकलंय काय झालं ते," तो म्हणाला. "मी काय बोलू?"

डेनिस आपल्या बुटांकडं बघत होता. तेवढी अक्कल त्याला होती.

"ह्या वेळी सोडून दिलं तर?" कोपऱ्यातनं कुणीतरी पुटपुटलं. "माणसानं डुक्कर मारलं. कुनाला लागलं न्हाई."

"आल्देरिगोच्या टायमालाबी न्हवतं लागलं कुनाला," लोरियानो म्हणाला. मग फोस्कोकडं वळून, खालच्या आवाजात, "नियम कुनाचा हाय, फोस्को?"

फोस्कोच्या मनात पुष्कळ होतं. पोरीनं जुनी बंडी फेकली. जाकीट वाजत होतं. तुझ्या मेहुण्याला पहिल्यापासून मेंढपाणी हवं होतं. त्यानं वास्कोकडं बघितलं. वास्को त्याच्याकडं बघत नव्हता. पोलेन्ताच्या पातेल्यावरनं वाफ वर जात होती तिकडं त्याचे डोळे होते.

"माजा," फोस्को म्हणाला.

"मंग?"

"मंग काय. माजाच हाय म्हनलं की."

झालं. एवढ्यात उरकलं. लोरियानोनं घसा खाकरला. "शनवारी ये की तरी," तो म्हणाला. "खोपटात कुनीतरी लागतंच. चूल हाय, पोलेन्ता हाय. तुज्या हातचा रस्सा सगळ्यांना आवडतो."

"बघू," फोस्को म्हणाला. आल्देरिगोलाही त्यानं तेव्हा हेच सांगितलं होतं, चूल सांभाळ म्हणून. आल्देरिगो परत कधी खोपटात आला नव्हता.

मग वाटे. त्यांच्याकडं कोण कुठला वाटा घेणार ते असं ठरतं, की एकजण भिंतीकडं तोंड करून उभा राहतो, दुसरा एकेका वाट्यावर सुरीचं टोक ठेवून विचारतो, आणि भिंतीकडं तोंड केलेला न बघता नाव घेतो. म्हणजे चांगला लागला तर नशीब, हाडं आली तर नशीब, भांडण नाही. आज पाठमोरा डेनिस होता.

"ह्यो कुनाचा?"

"वास्को."

"ह्यो?"

"लोरियानो."

"ह्यो?"

"फोस्को."

फोस्कोला मागच्या मांडीचा वाटा आला, फळीवरचा सगळ्यांत चांगला. आणि नराचं मुंडकं, कारण मारणाऱ्याचं मुंडकं असतं. पोत्यात घालून तो चालत घरी निघाला. वास्को गाडीनं सोडतो म्हणाला. फोस्कोनं ऐकलं नाही असं दाखवलं. त्याच्या कानांबद्दल सगळ्यांना माहीत होतंच.

घरी योलेनं पोतं उघडून बघितलं आणि हात जोडल्यासारखे केले. "पडलं म्हनायचं. मंग ठाणं ऱ्हायलं."

"न्हाई ऱ्हायलं."

"का? एवढं मोठं मारलंस..."

साबीना खिडकीपाशी बसली होती, मांडीवर पुस्तक. तिनं मान वर केली. "उबदार होतं ना, बाब्बो? खरं सांग."

फोस्कोनं जाकीट खुंटीला लावलं. नियम सांगावा तर नारिंगी का काढलं ते सांगावं लागलं असतं. ते का काढलं हे सांगावं तर जुनी बंडी कुठं गेली तिथपर्यंत जावं लागलं असतं. पोरीची बॅग पलंगाखाली होती, आणि सणाचे आणखी दिवस उरले होते.

"लई उबदार हाय," तो म्हणाला. "वारंसुदीक शिरत न्हाई आत."

"मग ठाणं का गेलं?"

"म्हातारा झालो म्हनून. नवीन पोरांना पायजे आता."

साबीनानं पुस्तक मिटलं, उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरंच झालं की," ती म्हणाली. "खरं सांगू? मला आवडलं. ह्या वयात त्या गारठ्यात उभं राहायचं काय अडलंय तुझं? आता निवांत राहा. जाकीट घरी वापर, कोंबड्यांकडं जाताना."

योलेनं जाकिटाकडं बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडं. तिनं पोतं उचललं, मुंडकं काढून पाटावर ठेवलं आणि सुरीला धार लावायला घेतली. बराच वेळ ती एकाच जागी धार लावत राहिली.

"लाकडं संपल्यात," ती शेवटी म्हणाली, मान वर न करता. "मुंडकं शिजाया लई येळ लागतोय."

फोस्को अंगणात गेला. वारा अजून तसाच होता. ओकचा एक गाठाळ ओंडका त्यानं ठोकळ्यावर उभा केला आणि कुऱ्हाड घातली. पातं गाठीत रुतलं. त्यानं ते हलवून सोडवलं, ओंडका फिरवला आणि दुसऱ्या बाजूनं घाव घातला.